उपयोगी खोट

चिमूटभर काळी पूड पाण्याच्या बाटलीत टाका आणि खुशाल हलवत राहा. क्षणभर सगळं काळं होतं. बाटली टेबलावर ठेवली, की पुडीचे पुंजके मुकाट्याने तळाशी जाऊन बसतात. ही पूड कार्बन नॅनोट्यूबची. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ ईजिमांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या नळ्यांची रचना जगाला दाखवली. षट्‌कोनी जाळीची सुरळी, एकपदरी असेल तर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीची. वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट; पण पाण्याशी वैर, आणि आपसांत अशी गट्टी, की मोळ्या सुटता सुटत नाहीत.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या राईस विद्यापीठात या नळ्या तीव्र सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात घालून श्राव्यातीत ध्वनीने घुसळल्या गेल्या. नळ्या तुटल्या आणि उघड्या तोंडांशी कार्बोक्झिल गट येऊन बसले. पाण्यात या गटांवर ऋण प्रभार येतो, मग नळ्या एकमेकींना दूर ढकलतात. तीच पूड आता दौतीतल्या शाईसारखी पाण्यात तरंगत राहते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. नळीतल्या प्रत्येक कार्बनचे तीन हात शेजाऱ्यांच्या हातात असतात. चौथा इलेक्ट्रॉन साऱ्या नळीचा सामाईक, आणि वीज वाहते ती त्याच्याच जिवावर. भिंतीवर बाहेरचा गट जोडला, की तो इलेक्ट्रॉन तिथेच अडकतो आणि विजेच्या वाटेत खड्डा पडतो. (पायरीनसारखे चपटे रेणू भिंतीला नुसते चिकटवले, तर हा खड्डा टळतो, पण ती पकड सैल.) २००३ मध्ये राईसमध्येच दिसलं, की भिंतीवर गट जोडणारे डायझोनियम क्षार धातूसारखी वीज वाहून नेणाऱ्या नळ्यांना आधी गाठतात आणि अर्धवाहक नळ्यांना तूर्त सोडून देतात. रसायनाला ही निवड कळावी, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याहून नवलाची गोष्ट २०१३ ची, मेरीलँड विद्यापीठातली. अर्धवाहक नळीवर प्रकाश पाडला, की मिळालेली ऊर्जा नळीभर भटकते आणि बहुतेकदा उजेड न देताच विझते. तिथल्या संशोधकांनी याच डायझोनियमने नळीवर मोजक्याच खोटी पाडल्या. भटकती ऊर्जा त्या खोटींत अडकली आणि तिथून प्रकाश होऊन बाहेर पडली. काही नळ्यांचा उजेड तब्बल २८ पटींपर्यंत वाढला. हा उजेड अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. आणि डायझोनियमचा हात जरा सैल सुटून खोटी वाढल्या, की तोही मालवतो.