दहा मीटरची गच्ची, वीस मीटरची तार

दहा मीटरच्या गच्चीवर अँटेनाची वीस मीटरची तार कशी लावायची? हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचा परवाना हातात पडला की शहरातल्या माणसापुढे पहिला प्रश्न हाच. त्याचं उत्तर मला आजही चकित करतं: सरळ वाकवायची!

हॅम मंडळी वापरतात त्या 7.1 मेगाहर्ट्झवर तारेतली वीज सेकंदाला 71 लाख झोके घेते. एक झोका पुरा होईस्तोवर प्रकाशाच्या वेगाने निघालेली लहर 42 मीटर पुढे गेलेली असते. तार त्या अंतराच्या निम्मी, म्हणजे साधारण 20 मीटर ठेवली, की झोपाळ्याला नेमक्या क्षणी रेटा मिळावा तशी वीज तिच्यात डोलू लागते. मधोमध तोडून तिथे केबल जोडली की झाला डायपोल.

पण ही वीज तारेत सगळीकडे सारखी वाहत नाही. मध्यावर प्रवाहाचा जोर सगळ्यांत जास्त, टोकांना शून्य. टोकाला पुढे वाटच नसते, म्हणून तिथे नुसता दाब चढतो, शंभर वॅटच्या संचावर शेकडो व्होल्टचा. लहरी उमटतात त्या प्रवाहातून. त्यामुळे मधली निम्मी तारच सुमारे 70 टक्के काम उरकते! तेवढी 10 मीटर उंच, ताठ बांधायची. उरलेली पाच-पाच मीटर कठड्याच्या कडेने वळवा, नाहीतर खाली सोडा. फक्त विजेच्या तारांपासून लांब, आणि टोकं कुणाच्या हाताला लागणार नाहीत अशी. 12 डिसेंबर 1901 रोजी न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर रेडिओ-संशोधक मार्कोनीने पतंगाला बांधून सुमारे 150 मीटर तार वर चढवली होती. त्याला आभाळ मोकळं होतं.

वाकवल्यावर तारेचा सूर जरा सरकतो. म्हणून आधी ती हातभर जास्तच ठेवायची आणि तार किती जुळली ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर बघत दोन्ही टोकं सारखी, बोटबोटभर छाटायची. काटा तीनवरून दोनवर येतो, मग दीडच्या खाली. पायाशी तांब्याचे तुकडे पडलेले असतात.

रात्री, सुमारे 300 किलोमीटर उंचीवरच्या आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून, परतलेली एखादी लहर या वाकड्या तारेला येऊन भिडते. ती जागवते जेमतेम एक-दोन मायक्रोव्होल्ट, व्होल्टचा दहा लाखावा भाग. आणि तेवढ्यात हजारो किलोमीटरवरचा माणूस आपलं नाव सांगत असतो.