सव्वा किलोचं बाळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवजात अतिदक्षता विभागाच्या दारात नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘वजन किती भरलं?’ अडीच किलोच्या आत भरलं तर बाळ कमी वजनाचं. दीड किलोच्या आत असेल तर खूपच कमी वजनाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) आपल्या देशात वजनाची नोंद झालेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोच्या आतली होती. वजनाला महत्त्व आहेच. पण बाळ वाचणं आणखी बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं आणि त्यातल्या काही घरच्यांच्या हातात असतात. गैरसमजांमुळे नेमके तेच हात मागे राहतात.

गैरसमज: सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही.

वस्तुस्थिती: खरं याच्या उलट आहे. पोटात काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक फुफ्फुसं, मेंदू, आतडी पक्व होत जातात आणि जगण्याची शक्यता वाढते. म्हणूनच वजन सारखं असलं तरी धोका सारखा नसतो. ३२व्या आठवड्यात जन्मलेल्या दीड किलोच्या बाळाची फुफ्फुसं कच्ची असू शकतात. पूर्ण दिवसांच्या, पण पोटात वाढ खुंटलेल्या दीड किलोच्या बाळाला श्वास सहसा जमतो; त्याच्या रक्तातली साखर मात्र पटकन उतरते.

गैरसमज: खरे उपचार बाळ जन्मल्यावर सुरू होतात.

वस्तुस्थिती: ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली जातात. त्यांनी बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं. स्टिरॉइडचं नाव ऐकून नकार देऊ नका. शक्य असेल तर प्रसूतीच अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात व्हावी. जन्मानंतरच्या धावपळीच्या प्रवासात नाजूक बाळ गारठतं आणि उपचारांची मोलाची वेळ जाते.

गैरसमज: बाळाला काचेच्या पेटीतच ठेवावं, आईने हात लावला तर जंतुसंसर्ग होतो.

वस्तुस्थिती: १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तिथे डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच आजची ‘कांगारू मदर केअर’. अंगावर फक्त टोपी, लंगोट आणि मोजे. बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं, मान एका बाजूला वळवलेली, वरून कापडाचा पट्टा. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते, तर दुसऱ्या गटात १५.७ टक्के. पेटी आणि यंत्रं लागतातच, पण आईची जागा ती घेऊ शकत नाहीत. संसर्ग टाळायचा तर आईला बाहेर बसवू नका. बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने आधी साबणाने हात धुवावेत.

गैरसमज: चीक पचत नाही, वजन वाढवायला पावडरचं किंवा गाईचं दूध द्यावं.

वस्तुस्थिती: चिकात संसर्गाशी लढणारे घटक ठासून भरलेले असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची आतडी सडवणारा एक जीवघेणा आजार असतो. आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांमध्ये तो कमी आढळतो. ‘मला दूधच येत नाही’ म्हणून आई रडते, तेव्हा तिला एवढं सांगा: सव्वा किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी दर दोन तासांनी चहाच्या चमच्याएवढं दूध पुरतं. ते हाताने पिळून नळीने किंवा वाटी-चमच्याने देता येतं. तेवढंही नसेल तर दूधपेढी आहे. आशियातली पहिली मातृदूधपेढी १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, त्याने घाबरून वरचं दूध सुरू करू नका. मध, घुटी तर नकोच.

गैरसमज: ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला.

वस्तुस्थिती: जादा ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्यांना इजा होते. म्हणून ऑक्सिजन मोजूनमापून देतात. दोन किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तज्ज्ञांकडून तपासून घ्या. बाळ डोळे उघडून बघतं म्हणून ही तपासणी टाळू नका.

गैरसमज: घरी सोडलं म्हणजे धोका संपला.

वस्तुस्थिती: घरी गेल्यावरही छातीशी धरणं चालू ठेवा, बाबा, आजीही धरू शकतात. हाताच्या मागच्या बाजूने बाळाचं पोट आणि तळपाय चाचपा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील, तर बाळ गारठू लागलंय. लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं, दूध ओढेनासं झालं, किंवा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. बाळाला छातीशी धरूनच दवाखाना गाठा.