पाच जणांची फळी

अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्याची नजर चेंडूमागे धावते. साहजिकच आहे. पण प्रत्येक चालीत चढाई करणाऱ्या संघाचे पाच गडी असे असतात की ज्यांच्या हाती चेंडू क्वचितच टिकतो, ज्यांना पुढे फेकलेला चेंडू झेलायची नियमानेच बंदी आहे आणि ज्यांचं नाव समालोचक बहुधा त्यांच्याकडून काही चुकलं तरच घेतो. मी डॅलसच्या एका उपनगरात राहतो. इथे सोमवारी सकाळी ऑफिसात रविवारच्या सामन्याखेरीज दुसरा विषय नसतो, आणि या चर्चेत सर्वांत शहाणी माणसं कोण हे ओळखायची एक खूण मला सापडली आहे. ती क्वार्टरबॅकबद्दल नाही, या पाच जणांबद्दल बोलतात.

आधी थोडं नियमांचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. चेंडू एकतर हातात घेऊन पळायचं, नाहीतर क्वार्टरबॅकने तो फेकायचा आणि दुसऱ्याने झेलायचा. फेकण्याआधी क्वार्टरबॅकला मोकळा गडी शोधायला अडीच-तीन सेकंद लागतात. ते सेकंद त्याला मिळवून देणारी फळी म्हणजे हे पाच जण: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. प्रत्येकाचं वजन सहसा ३०० पौंडांच्या, म्हणजे १३६ किलोंच्या पुढे. कबड्डी खेळलेल्याला हे काम चटकन कळेल, फक्त उलटं करून. आपल्याकडे साखळीने चढाईवाल्याला पकडायचं असतं. इथे मात्र अंगावर येणाऱ्याला पकडलं की दहा यार्डांचा दंड. हाताचे पंजे त्याच्या छातीवर रोवायचे, पाय भराभर हलवायचे, त्याला वळवायचं, अडवायचं, पण धरायचं नाही.

डॅलस काउबॉइज या संघाची २०१०च्या सुमारास दशा झाली होती ती मुख्यतः इथेच, असं माझं मत आहे. त्या हंगामात १६ सामन्यांत ६ विजय, प्रशिक्षक मध्यावर बडतर्फ, आणि क्वार्टरबॅक टोनी रोमोचं गळपट्टीचं हाड मोडलेलं. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या बरगडीला तडा गेला आणि फुप्फुसाला इजा झाली. २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही हंगामांत संघाचा हिशेब एकच राहिला: ८ विजय, ८ पराभव. तिन्ही वेळा गटविजेतेपद शेवटच्या सामन्यावर अवलंबून होतं आणि तिन्ही वेळा तो सामना हातचा गेला. तिसऱ्या वेळी तर रोमो पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे मैदानातच नव्हता.

जेरी जोन्स यांनी हा संघ १९८९ साली विकत घेतला. तेव्हापासून २०१०पर्यंत नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, त्यांनी पहिल्या फेरीत या फळीसाठी एकही माणूस घेतला नव्हता. हे बेफिकिरीतून झालं असं मला वाटत नाही. ते यशातून झालं. नव्वदच्या दशकात तीन सुपर बोल जिंकणाऱ्या संघाची फळी अजस्र होती, पण जवळजवळ सगळी स्वस्तात मिळालेली. एरिक विल्यम्स आणि मार्क स्टेपनोस्की तिसऱ्या फेरीतले. नेट न्यूटन आणि मार्क टुइनेई यांना तर ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नव्हतं. पुढे आलेला लॅरी ॲलन दुसऱ्या फेरीतला. असं एकदा घडलं की मालकाला वाटणारच, की पहिल्या फेरीचा मान चेंडू हाताळणाऱ्यांना द्यावा, धक्काबुक्की करणारे कुठूनही मिळतात.

२०११मध्ये हा समज मोडला. नवव्या क्रमांकावर संघाने टायरन स्मिथ हा वीस वर्षांचा टॅकल घेतला. त्याच उन्हाळ्यात फळीतले तीन जुने, महागडे खेळाडू सोडून देण्यात आले. स्मिथला पहिलं वर्ष उजव्या टोकाला खेळवलं आणि मग डावीकडे आणलं. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते, त्यामुळे तिकडून येणारा घाला त्याला दिसत नाही. १९८५ साली वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय लॉरेन्स टेलरच्या घाल्यात मोडला, तो देशभर दूरचित्रवाणीवर दिसला आणि थाइसमन पुन्हा कधी खेळला नाही. डाव्या टॅकलचा भाव पुढे वाढत गेला त्यामागे ही भीतीही होती.

पण एका टोकाला भिंत पक्की असून भागत नाही. २०१२मध्ये संघाने दोन गार्ड बाजारातून आणले, त्याने फारसा फरक पडला नाही. त्याच वर्षी फळीचे अनुभवी प्रशिक्षक बिल कॅलहन आले. २०१३च्या ड्राफ्टमध्ये संघाने आपला अठरावा क्रमांक सॅन फ्रान्सिस्कोला देऊन एकतिसावा आणि एक तिसऱ्या फेरीतला क्रमांक घेतला आणि एकतिसाव्यावर विस्कॉन्सिन विद्यापीठाचा सेंटर ट्रॅव्हिस फ्रेडरिक निवडला. टीकेचा गदारोळ उठला. हा मुलगा चाळीस यार्ड धावायला साडेपाच सेकंदांहून जास्त घेतो, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मिळाला असता, वगैरे. मला ही टीका तेव्हाही गमतीची वाटत होती, कारण सेंटरला चाळीस यार्ड धावायची वेळ हंगामात कितीदा येते? त्याला लागतं ते डोकं. समोरच्यांची मांडणी पाहून कोण कुणाला अडवणार हे चेंडू सुटण्याआधी ओरडून सांगायचं काम बहुतेक संघांत त्याच्याकडेच असतं.

२०१४मध्ये खरी परीक्षा झाली. सोळावा क्रमांक आला तेव्हा टेक्ससचा लाडका क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झिएल उपलब्ध होता आणि जोन्स यांचा ओढा तिकडे होता हे जगजाहीर आहे. मुलगा स्टीफन आणि इतरांनी त्यांना थोपवलं, आणि निवड झाली ती नोटर डेम विद्यापीठाच्या झॅक मार्टिनची. मॅन्झिएल क्लीव्हलँडकडे गेला आणि दोन हंगामांत त्याची या लीगमधली कारकीर्द आटोपली. मार्टिन पहिल्याच वर्षी लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. उरलेले दोघे म्हणजे कुणीच न निवडलेला रॉनल्ड लिअरी आणि जुना डग फ्री.

इथे पैशाचा भाग सांगायला हवा, कारण त्यावाचून ही गोष्ट निम्मीच राहते. या लीगमध्ये संघाच्या एकूण वेतनाला मर्यादा असते. २०१४मध्ये ती १३ कोटी ३० लाख डॉलर होती. २०११च्या कामगार करारात नवोदितांचे पगार क्रमांकानुसार बांधले गेले. २०१०चा पहिला क्रमांक सॅम ब्रॅडफर्ड याचा करार सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाखांचा होता. २०११चा पहिला क्रमांक कॅम न्यूटनचा चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाखांचा. म्हणजे डॅलसने फळीवर पहिल्या फेऱ्या खर्च करायला सुरुवात केली तीच मुळी असे खेळाडू एकाएकी स्वस्त झाले तेव्हा. मुद्दाम की योगायोगाने, हे ज्याने त्याने ठरवावं.

कॅलहननी शिकवलेली पद्धत साधी दिसते. चेंडू सुटताच पाचही जण एकाच दिशेला पाऊल टाकतात. प्रत्येकाला ठरावीक माणूस नसतो, ठरावीक जागा असते. त्या जागेत जो येईल तो त्याचा. दोघे मिळून समोरच्या धिप्पाड गड्याला रेटतात, आणि मागचा रक्षक कुठल्या बाजूने येतो हे पाहून दोघांपैकी एक जण त्याला सोडून पुढे जातो. कुणी सोडायचं हे बोलायला वेळ नसतो. शेजाऱ्याच्या खांद्याच्या दाबावरून ते कळावं लागतं. म्हणून अशी फळी विकत आणता येत नाही, मुरावी लागते. एक जण जखमी होऊन तितकाच बलवान दुसरा आला तरी काही आठवडे घडी विस्कटते.

२०१४च्या हंगामात धावपटू डिमार्को मरे याने पहिल्या आठही सामन्यांत शंभराहून अधिक यार्ड काढले आणि शेवटी १,८४५. एमिट स्मिथचा १९९५ सालचा १,७७३चा संघविक्रम मोडला. ऑक्टोबरमध्ये डॅलसने गतविजेत्या सिॲटलला त्यांच्याच मैदानावर हरवलं. हंगाम १२ विजय, ४ पराभव असा संपला, आणि मोडक्या पाठीचा रोमो गुणांकनात लीगमध्ये पहिला आला.

मग श्रेय कुणाचं? पुढच्या वर्षाने जणू प्रयोगच करून दाखवला. मरे फिलाडेल्फियाला गेला आणि ७०२ यार्डांवर अडकला. डॅलसमध्ये उतरणीला लागलेला समजला जाणारा डॅरेन मॅकफॅडन १,०८९ यार्ड धावला. इथवर फळीची बाजू भक्कम. पण त्याच वर्षी रोमोचं गळपट्टीचं हाड दोनदा मोडलं आणि संघ ४-१२ असा कोसळला. फळी तीच, मार्टिन-फ्रेडरिक-स्मिथ जागेवर. उत्तम फळी सामान्य धावपटूला चांगला बनवते, मात्र क्वार्टरबॅकची जागा भरून काढत नाही. २०१६मध्ये चौथ्या फेरीतला नवखा डॅक प्रेस्कॉट आणि नवखा धावपटू इझिकिएल एलियट यांना याच फळीमागे उभं केलं तेव्हा १३-३ झालं. फळीवर बोलताना हे दोन्ही हंगाम एकत्र ठेवायला हवेत. एकटा २०१६ सांगणारे बरेच भेटतात.

या धंद्याची किंमत शरीरात मोजली जाते. पिट्सबर्गचा सेंटर माइक वेब्स्टर २००२मध्ये पन्नासाव्या वर्षी वारला, आणि त्याच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना वारंवारच्या आघातांनी होणाऱ्या झिजेचा आजार आढळला. व्यावसायिक फुटबॉलपटूत तो प्रथमच सापडत होता. फळीतल्या माणसाला मोठा धक्का एखादाच बसतो, पण छोटे धक्के प्रत्येक चालीला. डॅलसच्या तिघांपैकी टायरन स्मिथला पाठ, मान आणि गुडघ्याने वर्षानुवर्षं छळलं. फ्रेडरिकचं दुखणं वेगळंच निघालं: २०१८मध्ये त्याला गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकार झाला, खेळामुळे नव्हे. ते पूर्ण वर्ष गेलं, तो परतला, एक हंगाम खेळला आणि २०२०मध्ये २९व्या वर्षी निवृत्त झाला.

स्मिथ आणि मार्टिन दोघेही २०२५मध्ये निवृत्त झाले. दरम्यान संघाने २०२२, २०२४ आणि २०२५ या तीन वर्षी पहिल्या फेरीत पुन्हा फळीचीच माणसं निवडली: स्मिथ, गायटन आणि बुकर. तिघांचंही पहिलं नाव टायलर आहे, आणि सोमवारी सकाळी ऑफिसात यावरून व्हायचे ते सगळे विनोद होऊन गेले आहेत.