बर्फावरची गाडी : मनाला वाटतं ते आणि चाकाखाली असतं ते

11 फेब्रुवारी 2021 ची पहाट. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहराच्या महामार्गावर कामाला निघालेल्या लोकांच्या गाड्या एकामागोमाग एक घसरल्या आणि एकमेकींवर आदळत गेल्या. 130 हून अधिक वाहनं त्या अपघातात सापडली, 6 जणांचा जीव गेला. तिथे बर्फाचे ढीग नव्हते. रिमझिम पाऊस झाला होता आणि रस्त्याचा जो भाग जमिनीपासून उंचावर होता, तिथे तो गोठला होता.

बर्फाळ रस्त्याची भीती बहुतेकांना वाटते, पण ती अनेकदा चुकीच्या जागी वाटते. पांढऱ्याशुभ्र थरापुढे काळजात धस्स होतं आणि नुसत्या ओलसर दिसणाऱ्या काळ्या रस्त्यावर पाय नकळत ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. शिकागो किंवा टोरांटोत पहिला हिवाळा काढणारी मराठी कुटुंबं असोत, नाहीतर मनालीचा बर्फ बघायला गेलेले पुण्या-नाशिकचे पर्यटक असोत, या रस्त्यावर मनाचा कौल किती खरा धरायचा हे माहीत असणं जिवाच्या मोलाचं आहे.

गैरसमज : बर्फ पडला की जीवघेणे अपघात वाढतात

अमेरिकेतल्या 48 राज्यांमधली 1975 ते 2000 या काळातली आकडेवारी आयझेनबर्ग आणि वॉर्नर या संशोधकांनी तपासली. त्यांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. कोरड्या दिवसांच्या तुलनेत बर्फ पडलेल्या दिवशी निव्वळ गाडीचं नुकसान होणारे अपघात सुमारे 45 टक्क्यांनी आणि माणसं जखमी होणारे अपघात सुमारे 23 टक्क्यांनी जास्त होते. जीवघेणे अपघात मात्र सुमारे 7 टक्क्यांनी कमी होते.

रस्ता निसरडा होताच, पण लोक घाबरून हळू चालवत होते. त्यामुळे टकरी जास्त झाल्या तरी त्यांचा तडाखा कमी होता. म्हणजे भीती योग्य जागी वाटली की ती माणसाला वाचवते.

याच अभ्यासातली आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. हंगामातला पहिला बर्फाचा दिवस हा नंतरच्या बर्फाच्या दिवसांपेक्षा जास्त घातक ठरला, विशेषतः वयस्क चालकांसाठी. महाराष्ट्रात पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ भिजून दुचाक्या घसरतात. तिथलं कारण वेगळं असलं तरी चालकाची चूक सारखीच असते. कालच्या कोरड्या रस्त्याची सवय अंगातून गेलेली नसते.

गैरसमज : बर्फ दिसतो, मग सावध होता येतं

ज्याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात तो काळा नसतो, पारदर्शक असतो. पातळ थरातून खालचा डांबरी रस्ता दिसतो, म्हणून त्याला हे नाव. चालकाला वाटतं, रस्ता जरासा ओला आहे.

हा थर सगळीकडे एकाच वेळी धरत नाही. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते. साध्या रस्त्याला खालच्या जमिनीची ऊब मिळते. त्यामुळे दहा किलोमीटर व्यवस्थित आलेली गाडी पुलावर येताच घसरू शकते. डोंगराच्या सावलीतलं वळण, जिथे दुपारीही ऊन पोहोचत नाही, तेही असंच फसवं असतं.

जपानमधल्या साप्पोरो शहराला तर माणसांनीच घडवलेल्या निसरड्या जागांचा अनुभव आहे. खिळे बसवलेल्या टायरांनी रस्ता खरवडला जाऊन हवेत धूळ पसरत होती, म्हणून 1990 मध्ये जपानने कायदा करून अशा टायरांवर निर्बंध आणले. हवा सुधारली. पण बिनखिळ्यांची चाकं चौकाचौकात थांबून पुन्हा निघताना तिथला बर्फ घासून आरशासारखा गुळगुळीत करू लागली. गाडी थांबवण्याची जिथे सर्वांत जास्त गरज, तीच जागा सर्वांत निसरडी झाली.

गैरसमज : थंडी जितकी कडक, तितका बर्फ निसरडा

उलट शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ सर्वांत दगाबाज. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरडे यांनी 1850 मध्येच मांडली होती. तापमान वितळणबिंदूजवळ आलं की हा थर वाढतो आणि चाकाची पकड सुटते. उणे 20 अंशाला बर्फ कोरडा आणि खरखरीत होतो, टायरला तुलनेने बरं धरतो. ‘आज थंडी जरा कमी आहे’ असं वाटून निर्धास्त होण्याचा दिवस म्हणूनच जास्त काळजीचा असतो.

मिठाबद्दलही असाच अवाजवी भरवसा दिसतो. मीठ टाकल्याने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. प्रयोगशाळेत तो उणे 21 अंशांपर्यंत उतरतो, पण रस्त्यावर साधारण उणे 10 च्या खाली साधं मीठ फार संथ काम करतं. म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार किंवा पकड देणारी वाळू वापरावी लागते.

गैरसमज : फोर बाय फोर असली की काळजी नाही

बर्फ पडला की मनालीत पोलीस सोलंगच्या दिशेने बहुधा फक्त फोर बाय फोर गाड्या सोडतात, आणि ते योग्यच आहे. चढावर चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी रुतत नाही. पण ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोरला कसलाही जादा लाभ नाही.

हिशेब सोपा आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर साधारण 14 ते 15 मीटरमध्ये थांबते. बर्फावर घर्षण सातपटीने कमी झालं, तर तीच गाडी जवळपास 100 मीटर जाते. वेग निम्मा, म्हणजे 25 केला, तर हे अंतर 25 मीटरवर येतं. वेग अर्धा केल्यावर अंतर पाव होतं, हा फायदा कुठल्याही महागड्या गाडीतून मिळत नाही.

फोर बाय फोरचा खरा धोका मनात तयार होतो. गाडी झपकन निघते, म्हणून चालकाला रस्ता चांगला वाटतो. तो किती वाईट आहे हे ब्रेक दाबल्यावरच कळतं. मनालीजवळच्या अटल बोगद्याच्या परिसरातल्या उतारांवर भक्कम गाड्या हळूहळू, कुणाचंही न ऐकता घसरत जातात, त्या याच कारणाने.

गैरसमज : टायरची नक्षी खोल असली की पुरे

नक्षीइतकंच रबरही महत्त्वाचं. साधारण 7 अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि रस्त्याला बिलगतं. कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने 2008 मध्ये हिवाळी टायर सक्तीचे केले. आज तिथे 1 डिसेंबर ते 15 मार्च ते लावावेच लागतात. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण ही त्यांची खूण टायरच्या बाजूवर छापलेली असते.

गैरसमज : सराव केला की बर्फावर कुणीही तरबेज होतो

आधी ब्रेकविषयी. पूर्वी निसरड्या रस्त्यावर ब्रेक थांबून थांबून दाबायला शिकवत. एबीएस असलेल्या गाडीत हे काम यंत्रणाच करते. पायाखाली थरथर जाणवली तरी ब्रेक घट्ट दाबून ठेवायचा आणि जिकडे जायचं तिकडे स्टिअरिंग वळवायचं. मात्र एबीएसमुळे गाडी वळवता येते, बर्फावर ती लवकर थांबेलच असं नाही.

कौशल्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. 1981 च्या स्वेन्सन यांच्या प्रसिद्ध पाहणीत अमेरिकेतल्या 93 टक्के आणि स्वीडनमधल्या 69 टक्के सहभागींनी स्वतःला वाहन चालवण्यात वरच्या निम्म्यांत बसवलं होतं. नॉर्वेत निसरड्या रस्त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या तरुण मुलग्यांचे अशा रस्त्यांवरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचं 1980 च्या दशकात आढळलं. गाडी सावरता येते असं वाटलं की वेग वाढतो. स्वीडनमध्ये ग्रेगर्सेन यांनी 1996 मध्ये शिकाऊ चालकांचे दोन गट केले. एकाला सावरण्याचं तंत्र शिकवलं, दुसऱ्याला स्वतःच्या मर्यादांचा अनुभव दिला. प्रत्यक्ष कौशल्यात फरक पडला नाही, फक्त पहिल्या गटाला आपण जास्त चांगले चालवतो असं वाटू लागलं.

म्हणून मोकळ्या पार्किंगमध्ये पहिल्या बर्फात ब्रेक दाबून पाहायचा तो गाडी किती लांब घसरते हे अंगात मुरावं यासाठी.

गैरसमज : अडकलो तर काच लावून, हीटर सुरू करून बसावं

जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला आलेल्या हजारो गाड्या रात्रभर अडकल्या. 20 हून अधिक माणसं दगावली, त्यात लहान मुलंही होती. त्यांपैकी अनेकांचा बळी थंडीपेक्षा गाडीत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की इंजिनचा धूर गाडीखाली साचतो आणि आत शिरतो. या वायूला वास नसतो. उबेत डोळे मिटू लागतात, तेव्हा थकवा आल्यासारखं वाटतं.

अशा वेळी आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने किंवा फावड्याने दूर करायचा आणि बर्फ पडत राहिला तर पुन्हापुन्हा करायचा. इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवायचं, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. उरलेला वेळ घोंगड्या, सुकामेवा आणि पाण्यावर काढायचा. सगळ्यांनी एकाच वेळी झोपायचं नाही, एकाने जागं राहायचं.