नजर ठेवणाऱ्याच्या माथी

स्वयंचलित यंत्र चुकलं आणि त्यावर नजर ठेवायला बसवलेल्या माणसाला ते वेळेत उमगलं नाही, की बोट माणसाच्या निष्काळजीपणाकडे वळतं. 1983 साली मानसशास्त्रज्ञ लिझन बेनब्रिज यांनी याचं मूळ दाखवलं होतं. सोपी कामं यंत्राकडे गेली की माणसाकडे उरतं ते नुसतं पाहत राहणं आणि यंत्र अडलं की सराव तुटलेल्या हातांनी ताबा घेणं. पुढच्या काळाने त्यांना खरं ठरवलं. जून 1995 मध्ये बर्म्युडाहून बॉस्टनला निघालेल्या 'रॉयल मॅजेस्टी' जहाजाच्या जीपीएस अँटेनाची तार सुटली. जहाज भलत्या दिशेला सरकत राहिलं, तरी पडद्यावर सारं ठीक होतं. रडारवर दिसलेला बोया अपेक्षेच्या जागीच होता, म्हणून तोच आपल्या मार्गावरचा असं अधिकाऱ्याने धरलं. प्रत्यक्षात तो दुसराच होता. नँटकेट बेटाजवळ जहाज वाळूत रुतलं, तेव्हा ते मार्गापासून 17 मैल दूर होतं. हे अधिकारी नवखे नव्हते, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. यंत्रावरचा असाच विश्वास प्रयोगातही दिसला: 2016 साली जॉर्जिया टेकच्या प्रयोगात धूर भरलेल्या इमारतीतून 26 जण रोबोच्या मागे गेले. त्यांतल्या निम्म्यांनी काही मिनिटांपूर्वीच त्याला वाट चुकताना पाहिलं होतं.

प्रशिक्षणाने हे सुटेल, असं म्हणतात. पण संशोधक राजा परसुरामन आणि डिट्रिख मान्झाय यांनी 2010 मध्ये घेतलेल्या आढाव्यात यंत्रावर विसंबण्याची ही ओढ तज्ज्ञांतही आढळली. नुसत्या सरावाने किंवा सूचनांनी ती जात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कधी माणूस खरंच निष्काळजी असतो. 2018 मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी इथे उबरच्या चाचणी-मोटारीने एका पादचारी स्त्रीचा जीव घेतला, तेव्हा चालकाच्या आसनावरची व्यक्ती फोन पाहत होती. तो दोष खराच, चौकशीनेही तो पहिला मांडला. पण मोटारीने धडकेच्या 5.6 सेकंद आधी काहीतरी हेरलं होतं, आणि त्याची सूचना माणसाला देण्याची सोय यंत्रणेत नव्हती. पूर्वी मोटारीत दोघे असत, कंपनीने एकाला कमी केलं होतं. डिसेंबर 2018 मध्ये पिट्सबर्गमध्ये चाचण्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पुढच्या आसनांवर दोघे बसवले गेले. हा उपाय मला अपुरा वाटतो, कारण 2000 साली प्रसिद्ध झालेल्या विमान-सिम्युलेटरवरच्या प्रयोगात जोडीनेही एकट्याइतक्याच चुका केल्या होत्या.