कॉम्प्युटरवर गाणं जुळवताना हात जपूया



आज बोलायचं आहे हाताबद्दल. भाकरी थापणारा, कापूस वेचणारा, धार काढणारा आपला हात. त्याच हातात आता कॉम्प्युटरचा माऊसही आला आहे. सरकारने २००६ मध्ये सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी दिली. २००८ साली म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली, तिकडे तेलंगणात माचनूरला संघम रेडिओ सुरू झाला. अशा केंद्रांवर बायका नुसत्या बोलत नाहीत, रेकॉर्डिंग करतात, एडिटिंगही करतात. आमच्या गटातल्या काही जणीही जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, भजनं रेकॉर्ड करून कार्यक्रम तयार करतात.

ऐकणाऱ्याला पंधरा मिनिटांचा कार्यक्रम ऐकू येतो. त्यामागे कितीतरी तास बसणं असतं. मध्येच कुणी खोकतं, कोंबडा आरवतो, बाहेरून मोटारसायकल जाते. तेवढा तुकडा माऊसने धरायचा, ओढायचा, कापायचा. टाळ मोठे वाजले तर कमी करायचे, ओवीचा आवाज बारीक असेल तर चढवायचा. एका गाण्यात असं शेकडो वेळा होतं. मग मनगट दुखतं, अंगठा भरून येतो, आणि रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते. आपण म्हणतो, "कामानं दुखतंय, होईल बरं." पण सकाळी त्याच हाताने खुरपं धरायचं असतं. हात गेला तर रेडिओही गेला आणि मजुरीही गेली. म्हणून हा विषय.

आधी दुखतं का, ते समजून घेऊ. मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, आणि एक नस जाते. माऊस धरताना तळवा जमिनीकडे वळवावा लागतो, मनगट वर उचललेलं राहतं आणि एक बोट बटण दाबून ताठ राहतं. असं तासन् तास झालं की बोगद्यात सूज येऊ शकते आणि नस दाबली जाते. ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला जाते, म्हणून मुंग्या तिथेच येतात, करंगळीला येत नाहीत. हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. गरोदरपणात, थायरॉइड किंवा मधुमेह असेल तर शक्यता आणखी वाढते.

यावर एक उपाय म्हणजे पेन टॅबलेट. टॅबलेट म्हटलं की आपल्याला औषधाची गोळी आठवते, नाहीतर मोठा मोबाईल. ही वस्तू तशी नाही. ही आपली जुनी पाटी-पेन्सिलच समजा. वहीएवढी सपाट पाटी, वायरने कॉम्प्युटरला जोडलेली, आणि सोबत एक पेन. पाटीवर काही दिसत नाही, बघायचं समोरच्या स्क्रीनवर. पेन पाटीपासून किंचित वर धरून फिरवलं की स्क्रीनवरचा बाण फिरतो, टेकवलं की क्लिक होतं, टेकवून ओढलं की निवड होते. बहुतेक पेनांना आता सेल किंवा चार्जिंग लागत नाही.

चित्रकारांसाठी निघालेली ही वस्तू गाण्याच्या कामाला का चालते? पेन धरला की हात करंगळीच्या बाजूवर टेकतो, लिहिताना टेकतो तसा. तळवा पालथा पडत नाही, मनगट सरळ राहतं. क्लिक करायला बोट दाबायचं नाही, पेन नुसतं टेकवायचं. शिवाय पाटीचा कोपरा म्हणजे स्क्रीनचा कोपरा, त्यामुळे माऊस उचलून-ठेवून सरकवणं वाचतं.

ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आम्ही वापरतो. त्यात आवाजाच्या लाटा दिसतात. खोकल्याचा तुकडा पेनने अधोरेखित केल्यासारखा निवडायचा आणि डाव्या हाताने डिलीट दाबायचं. आवाज हळूहळू चढवायचा-उतरवायचा तर लाटेवर ठिपके देऊन ते वरखाली ओढायचे. एलएमएमएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये तालाचे, सुरांचे ठोकळे मांडायचे असतात, तेही पेनने रांगोळीचे ठिपके द्यावेत तसे मांडता येतात.

डाव्या हातालाही कामाला लावा. ऐकायला-थांबवायला स्पेस बार, चुकलं तर कंट्रोल आणि झेड, लाट मोठी करून बघायला कंट्रोल आणि एक, लहान करायला कंट्रोल आणि तीन. एवढी चार बटणं पाठ झाली तरी उजव्या हाताचं बरंच काम हलकं होतं. हे तर पाटी नसतानाही, आजपासून करता येतं.

पाटी घेतल्यावर तीन गोष्टी आधी लावून घ्या. पहिली, पेन टेकवून धरलं की काही कॉम्प्युटर ते उजवं क्लिक समजतात आणि ओढणं अडखळतं. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची. दुसरी, पेनने दोनदा टकटक करणं जमत नाही, म्हणून पेनवरच्या बटणाला डबल क्लिक नेमून द्यायचं. तिसरी, काही सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची गोल बटणं असतात, ती पेनने फिरवताना एकदम उडी मारतात. अशा वेळी पाटीच्या सेटिंगमध्ये 'माऊस मोड' निवडायचा, किंवा तेवढ्यापुरता माऊस घ्यायचा. पहिला आठवडा हात चाचपडतो. नजर स्क्रीनवर आणि हात पाटीवर, याची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी कंटाळून पाटी कपाटात ठेवू नका.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. पेन म्हणजे औषध नव्हे. पेन घट्ट आवळून धरलं तर अंगठ्याचा सांधा दुखू लागतो, म्हणजे दुखणं मनगटातून अंगठ्यात गेलं इतकंच. पेन सैल धरा. काही वेळ पेन, काही वेळ माऊस, असं आलटून-पालटून केलं तर एकाच जागी ताण पडत नाही. खुर्ची इतकी उंच हवी की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचं, पाणी प्यायचं, मुठी उघडायच्या-मिटायच्या, खांदे फिरवायचे. आणि ज्या दिवशी कापूस वेचून किंवा खुरपून हात थकला असेल, त्या दिवशी एडिटिंगची पाळी दुसरीला द्यायची. गट असतो तो यासाठीच.

पैशाचं म्हणाल तर लहान, साधी पाटी दोन-तीन हजार रुपयांपासून मिळते. गाण्याच्या कामाला मोठी लागत नाही. उलट मोठ्या पाटीवर हात जास्त लांब न्यावा लागतो. विकत घेण्याआधी कुणाची तरी वापरून बघा. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, तालुक्याचे फ्लेक्स किंवा लग्नपत्रिका करणारे यांच्याकडे ती असू शकते. आपला कॉम्प्युटर जुना असेल तर ती त्यावर चालेल का, हे दुकानदाराला आधी विचारा. आणि एकीच्या नावावर न घेता गटाच्या नावावर घ्या, म्हणजे पाळीपाळीने सगळ्यांना वापरता येईल.

काही लक्षणं मात्र अंगावर काढायची नाहीत. रोज रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून कप किंवा कळशी निसटत असेल, अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खोलगट दिसू लागला असेल, तर सरळ डॉक्टरकडे जा. सुरुवातीला रात्री मनगटाला पट्टा बांधूनही पुष्कळांना बरं वाटतं. उशीर केला तर नसेचं नुकसान भरून येणं अवघड होतं. तिथे "बाईच्या जातीला दुखायचंच" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं काढा आणि प्रत्येकीला विचारा, "हात कसा आहे?" शिवणकाम करणारी, बिड्या वळणारी, रेडिओचं काम करणारी, सगळ्यांना विचारा. कुणाला किती दिवसांपासून दुखतंय, ते वहीत लिहून ठेवा. खर्च कशावर करायचा, पाटीवर, चांगल्या खुर्चीवर की दवाखान्याच्या फेरीवर, ते त्या नोंदीवरून ठरवता येईल.

आपल्या आज्यांच्या ओव्या आपण जपतो आहोत, तसे त्या जपणारे हातही जपूया.