पडद्यावरचं कातरकाम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुरतेत साडीचं डिझाइन संगणकावर काढणारा माणूस शोधावा लागत नाही. उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांतल्या खानदेशी कुटुंबांच्या ओळखीत असा एखादा असतोच. पण त्याच घरात मुलीच्या पहिल्या वर्षाचं स्क्रॅपबुक संगणकावर करायचं म्हटलं, की ऐकू येतं, ‘त्यात काय, तयार चित्रं आणून चिकटवायची!’

तसंही करता येतं, पण स्क्रॅपबुकातलं पेपर पीसिंग म्हणजे ते नव्हे. त्यात रंगीत, छापील कागदांचे तुकडे कापून आणि जोडून एक आकृती उभी करायची असते. संगणकावर तिचा प्रत्येक तुकडा वेगळ्या लेअरवर, म्हणजे थरावर, राहतो. सुरतेला हे काम परकं वाटायला नको. इथली सादेली याच जातीची. लाकडाच्या, हाडाच्या, पूर्वी हस्तिदंताच्याही बारीक कांड्या चिकटवून जुडी करायची, तिचे आडवे पातळ काप काढायचे आणि ते पेटीवर बसवायचे. ही कला इराणातून आली असं मानतात आणि पारशी कारागिरांनी ती इथे जोपासली. एकोणिसाव्या शतकात अशा पेट्या साहेबाच्या देशात ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून गेल्या. काम सुरतेचं, नाव मुंबईचं!

संक्रांतीच्या पानासाठी पतंग करायचा आहे असं धरू. चौकोनाचे दोन-तीन रंगांचे तुकडे, उभी काडी, कमान आणि शेपटी, प्रत्येकाला स्वतंत्र लेअर. आधी साध्या रंगात आकार काढायचा, त्यावर कागदाचा पोत किंवा नक्षी ठेवायची आणि क्लिपिंग मास्कने ती आकारापुरती राखायची. फोटोशॉपमध्ये लेअरची सोय १९९४ साली ३.० आवृत्तीत आली. आज त्यासाठी महागडं सॉफ्टवेअरच हवं, हा मात्र भ्रम आहे. जिंप आणि क्रिता फुकट आहेत, फोटोपी तर ब्राउझरमध्येच चालतं. जिंपमध्ये आकाराच्या लेअरचा अल्फा लॉक करून वर पॅटर्न भरला, तरी हेच काम होतं.

सगळ्यात जास्त पानं बिघडतात ती सावलीमुळे. ‘सावली जितकी गडद आणि लांब, तितका कागद खरा’ असं समजून लोक ड्रॉप शॅडोचा काटा ओढत नेतात आणि पतंग पानावर चिकटण्याऐवजी हवेत तरंगतो. साधा हिशेब करून बघा. ३०० डीपीआयला १ इंचात ३०० पिक्सेल, म्हणजे १ मिलिमीटरमध्ये साधारण १२. जाड कार्डाची जाडी ०.३ मिलिमीटर धरली, तर ती झाली जेमतेम ४ पिक्सेल. उजेड ४५ अंशांतून तिरपा पडत असेल तर चिकटलेल्या तुकड्याची सावली तेवढीच सरकेल. खाली २ मिलिमीटरची फोमची टेप आहे असं दाखवायचं असेल तर २४ पिक्सेल. पन्नास-साठ पिक्सेलची सावली फक्त वर वळलेल्या कोपऱ्याला शोभते, तीही त्या कोपऱ्यापुरतीच आणि कडेला मऊ होत गेलेली. उजेडाची दिशा सगळ्या तुकड्यांना एकच हवी. पतंगाची सावली उजवीकडे आणि शेजारच्या तिळगुळाच्या वाटीची डावीकडे पडली, तर कारण न कळताही बघणाऱ्याला खटकतं. सावलीला निव्वळ काळा रंगही नको. खालच्या कागदाचाच गडद रंग मल्टिप्लाय मोडमध्ये टाकला तर ती पानात मुरते. छापील कागदाचा गर बहुधा पांढरा असतो, म्हणून कापलेल्या कडेला एक-दोन पिक्सेलची पांढरट रेघ ठेवावी. माझ्या मते सगळ्या तयार इफेक्टांपेक्षा ही रेघ जास्त काम करते.

‘फाइलमध्ये ३०० डीपीआय लिहिलं की फोटो स्पष्ट होतो’ हेही खोटं. तो आकडा नुसती चिठ्ठी आहे, पिक्सेल आहेत तेवढेच राहतात. १२ इंची चौरस पानाला ३६०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयला ४ इंचच भरेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. तयार झालेला पतंग दुसऱ्या पानांवरही वापरायचा असेल, तर तो पीएनजीमध्ये साठवा. जेपीईजीत पारदर्शकता नसते, त्यामुळे पतंगाभोवती पांढरा चौकोन येतो.

‘फोटोशॉपमध्ये मराठी जोडाक्षरं तुटणारच’ अशी आपल्याकडे जणू श्रद्धाच आहे. नव्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांसाठीची वर्ल्ड-रेडी मांडणी निवडली आणि युनिकोड फाँट घेतला, तर वेलांटी जागेवर बसते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे मुक्त आणि बलू हे फाँट फुकट आहेत, व्यावसायिक कामालाही चालतात.

राहिला हक्काचा प्रश्न. नेटवर दिसलं ते सगळ्यांचं, असं नसतं. भारतात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. कापडावरच्या छापाचं गणित वेगळं. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवलेल्या डिझाइनला १० वर्षं संरक्षण मिळतं, ते आणखी ५ वर्षं वाढवता येतं. नोंदणीयोग्य असूनही न नोंदवलेल्या डिझाइनचा माल यंत्रावर ५० हून जास्त वेळा निघाला, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १५ नुसार त्यावरचा कॉपीराइट संपतो. म्हणून ‘सुरतेचा छाप, कुणीही उचलावा’ हे जितकं चुकीचं, तितकंच ‘प्रत्येक छापावर साठ वर्षांचा हक्क’ हेही. आजीच्या साडीचा काठ स्कॅन करून घरच्या अल्बममध्ये लावायला काळजी नाही, खासगी वापराला कायद्यात सवलत आहे. सजावटीचे संच करून विकायचे असतील, तर मात्र छाप कुणाचा आहे ते आधी विचारा.

छपाईला देण्याआधी सगळं सीएमवायके या रंगपद्धतीत बदलायलाच हवं, असंही नाही. ते ऑफसेटसाठी. फोटो लॅबला बहुधा एसआरजीबी या रंगपद्धतीतली जेपीईजी हवी असते, तरी लॅबला विचारून घ्या आणि अल्बमआधी एक ४ बाय ६ ची प्रिंट काढून रंग बघा. लेअर असलेली फोटोशॉपची पीएसडी किंवा जिंपची एक्ससीएफ फाइल पुसू नका. पुढच्या वर्षी पतंगाचा एक तुकडा बदलायचा झाला, तर तीच लागेल.